पाव फेरा

१

आमच्या घरात दुपारचा चहा झाला की ताईचा सेट लागतो. लागतो म्हणजे मला लावावाच लागतो. चहा घशाखाली उतरायच्या आत तिचं सुरू होतं, "टकळे, लाव गं." टकळी हे काही माझं नाव नव्हे. तोंडाची टकळी थांबत नाही म्हणून लहानपणी ताईनंच ते चिकटवलं. आता दोघींची डोकी पांढरी झाली तरी ते सुटायचं नाव घेत नाही.

सेट म्हणजे रेडिओच, पण गाण्याबातम्यांचा नव्हे. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरात बसून एकमेकांशी हवेतून बोलतात, ते ऐकायचा. करड्या रंगाचा, लोखंडी, दोघांनी मिळून उचलावा असा धोंडा आहे. पोटात दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह आणि पुढे पिवळ्या उजेडाची डायल. ताई बंदरावरच्या वायरलेस खोलीत नोकरीला होती. तिथून मोडीत निघालेला हा सेट तिनं घरी आणला, तेव्हा आई तिच्या लग्नासाठी जिवाचं रान करत होती. आईनं सेट उचलून पाहिला आणि म्हणाली, "जावई फार जड आहे बाई." तेव्हापासून तो घरात आहे.

यंदा ताई आजारी पडली. हृदयाचं दुखणं. दवाखान्यातून सुटून घरी आली ती निम्मी होऊनच. जिना चढताना माझा खांदा धरून चढली, आणि दारात आल्यावर माझ्याकडे न पाहता मागच्या खोलीत शिरून विचारते काय, तर "सेट चालू करत होतीस ना गं मधूनमधून?"

मी कुठली करतेय! दवाखाना, घर, माझा शिवणाचा क्लास, यात माझी फरफट झालेली. ताईनं बटण दाबलं. डायल उजळली, व्हॉल्व्ह लाल झाले, पण स्पीकरमधून नुसती घूं. ताईचा चेहरा असा पडला की दवाखान्यातला रिपोर्ट बरा म्हणायची वेळ आली.

तिचे हात आता थरथरतात. डोकं मात्र शाबूत. माझे हात शाबूत, सुईत एका झटक्यात दोरा ओवणारे, आणि डोकं, ताईच्या मते, आधीपासूनच नव्हतं. तेव्हा दोघींचा मिळून एक मेकॅनिक झाला. ती खाटेवर उशीला टेकून हुकूम सोडणार आणि मी स्टुलावर बसून ते पाळणार.

"डावा हात पाठीमागे!" हा पहिला हुकूम. सेटच्या पोटात माणूस फेकेल इतकी वीज असते. दोन्ही हात आत घातले तर ती एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडते. म्हणून एकाच हातानं काम करायचं. माझी टकळी चालू झाली की डावा हात हळूच पुढे यायचा, की ताई ओरडायची. छातीच्या पेशंटनं एवढं ओरडू नये, असं मी सांगायची. मग ती आणखी ओरडायची.

बिघाड शोधायची रीत मला आवडली. स्पीकरपासून मागे मागे जायचं. प्रत्येक टप्प्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं. स्पीकर गुरगुरला तर तिथून पुढचं सगळं ठीक. जिथं टेकवूनही तो गप्प राहील, तिथं चोर. आमचा चोर एक मेणचट कपॅसिटर निघाला, उन्हात ठेवलेल्या गोळीसारखा पाझरलेला. मी तो काढून नवा डाख देऊन बसवला. बटण दाबलं. आधी खरखर, मग दूरवरून कोणाचा तरी मोर्समधला टिटिट-टा, टिटिट-टा.

दवाखान्यात सुयांनी चाळण झाली तेव्हा न रडलेली बाई तेव्हा घळाघळा रडली. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, ताई घरी आली असं मला त्या क्षणी वाटलं.

२

दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप सेटवर ठेवला आणि स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला, टण्ण.

"व्हॉल्व्ह सैल झालाय," ताई म्हणाली. "आतले भाग हलतात. खोलीत आवाज झाला की काच थरथरते आणि तेच सेट बोलून दाखवतो. होतं जुन्यांचं असं."

"भिंतींना कान असतात म्हणतात, तुझ्या जावयालाही फुटले म्हण की."

"माझा कसला जावई? आईचा."

नवा व्हॉल्व्ह मिळायची सोय नव्हती, म्हणून तो तसाच ठेवला. खरं सांगायचं तर गंमत वाटली. आमची मागची खोली म्हणजे आमचं सगळं घर. ताईची खाट इथं, माझं शिलाई मशीन इथं, जेवणाचं टेबल इथंच. खालच्या सायकलवाल्याची हातोडीसुद्धा इथूनच ऐकू येते. आता हे सगळं खरखरीच्या आडून सेटमध्ये बारीक ऐकू यायला लागलं, विहिरीच्या तळाशी दुसरी खोली असावी आणि तिथंही कोणी कात्री ठेवावी तसं. मी मुद्दाम गाणं म्हटलं. ताई म्हणाली, जुना सेट आहे, त्याच्यावर दया कर.

तिसऱ्याच दिवसाची गोष्ट असेल. मी मशीनपाशी बसून हातानं काज करत होते, ताई वर्तमानपत्र वाचत होती. सेटमधून शिंक आली.

मग ताई शिंकली.

मी सुई हातात धरून तशीच बसले. ताईनं नाक पुसलं, पान उलटलं. मी मनाशी म्हटलं, स्पीकर माझ्या कानाशी आहे, ताई तिकडे भिंतीला, त्यामुळे आधी तो ऐकू आला असेल. पण एवढीशी खोली, त्यात पाय पसरले तर खाटेला लागतात. तिथं आवाज काय गाडीनं येतो?

"काय गं, भूत पाहिल्यासारखी?" ताई म्हणाली.

"काही नाही. सुई टोचली."

३

मी शिवण शिकवणारी बाई. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. ताईचा डोळा लागला तेव्हा मी सेटसमोर पत्र्याचा बटणांचा डबा ठेवला, कात्री वर उचलली आणि डब्यावर हाणायच्या आधी थांबले. हात हवेत.

सेटमधून टण् आलं.

म्हटलं, आता बघू. आता मी मारतच नाही. बघू काय करतोस. कात्री घट्ट धरली, आणि घट्ट धरली म्हणूनच घामानं ती सटकली. डब्यावर पडली. टण्.

ताई झोपेत "हळू गं" म्हणाली. मी तिच्या पायाशी जाऊन बसले. 

ताईला सांगितलं नाही. डॉक्टरनं बजावलं होतं, धक्का नको. आणि दुसरं म्हणजे, सेट सुरू झाल्यापासून तिच्या गालावर रंग आला होता. तो कोण घालवणार?

पण ताई म्हणजे ताई. चालता सेट सुखानं चालू देणं या लोकांच्या रक्तातच नाही. तिला दूरचं स्टेशन पुसट ऐकू यायला लागलं की झालं. "जुळणी करावी लागेल," ती म्हणाली. सेटच्या पोटात ॲल्युमिनियमच्या चौकोनी डब्या असतात. प्रत्येकीच्या डोक्याला भोक, भोकात खाच असलेला छोटा गाभा. प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं तो केसभर फिरवायचा आणि आवाज सर्वात मोठा होईल तिथं सोडायचा. लोखंडाचा स्क्रूड्रायव्हर लावणं म्हणजे ताईच्या लेखी खून.

"फिरव. हं. हळू. अजून पाव फेरा."

मी पाव फेरा फिरवला. दूरचं स्टेशन उजळलं. आणि मागची ती बारीक खोली थोडी आणखी पुढे सरकली. आधी शिंकेपुरता फरक होता. आता सेटमध्ये कप वाजायचा आणि मी चहा गाळायला नंतर उठायची.

"अजून पाव."

"पुरे की गं."

"तुला काय कळतं? अजून पाव."

काही दिवसांनी सेटमधून उद्याची दुपार ऐकू यायला लागली. खाटेवरच्या ताईला ते बारीक आवाज खरखरीतून ओळखू येत नसावेत, असं मी धरून चालले. सेटमध्ये दाराची बेल वाजली, दारात कोणी नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला गॅसवाला. सेटमध्ये ताई म्हणाली, "मीठ कुठंय यात?" म्हणून दुसऱ्या दिवशी मी भाजीत आठवणीनं चिमूटभर जास्त घातलं. ताईनं घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कुठंय यात?" मी चव घेतली. गोड लागली. गडबडीत मी साखरेच्या डब्यात हात घातला होता.

हसू आलं, रडूही आलं. पण माणसाला कशाचीही सवय होते. ताई उद्या काय टोमणा मारणार ते मला आज कळायचं, आणि मी रात्रभर उत्तर तयार ठेवायची. आयुष्यभर हरत आले होते, आता जिंकायला लागले. ताई म्हणायची, "हल्ली फार धारदार झालीस गं." मला त्या सेटची माया वाटायला लागली. सांगते तशीच वाटायला लागली.

४

मग एका दुपारी सेटमध्ये माझा आवाज आला.

"ताई, चहा गार होतोय."

मग कप सरकवल्याचा आवाज. मग पुन्हा मी. "ताई, ऐकतेयस ना? गार होतोय."

मग काही नाही. हातोडी. सायकलची घंटा. मग माझा आवाज, वेगळाच, मला माझा न वाटावा असा. "ताई?"

ताई त्या वेळी माझ्यासमोर जितीजागती कोडं सोडवत बसली होती. मी उठून सेट बंद केला.

"का गं?"

"तापलाय."

 दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, चहाच करायचा नाही. ना रहेगा कप ना गार होणार. दुपारी ताई म्हणाली, "डोकं चढलंय, चहा टाक." मी म्हटलं, दूध नाही. ती म्हणाली, "फ्रिजमध्ये पातेलंभर आहे. आळस नको." टाकला. म्हटलं, टाकला तरी ते वाक्य मी बोलणार नाही. जीभ चावून बसेन.

कप घेऊन आले तर ताई सेटकडे तोंड करून बसलेली, पाठ माझ्याकडे, मान कललेली. हलेना.  तोंडातून आपोआप निघालं, "ताई, चहा गार होतोय." कप सरकवला. "ताई, ऐकतेयस ना? गार होतोय."

खाली हातोडी. सायकलची घंटा. मान तशीच.

"ताई?"

मी तिच्या खांद्याला हात लावला आणि ती केवढ्यानं दचकली! कानावर हेडफोन होते. केसांत दडलेले, मागून दिसलेच नाहीत.

"मारशील मला एक दिवस!" ताई म्हणाली.

मी जमिनीवर बसून हसत सुटले. इतकी हसले की ताईला वाटलं मला काही झालं. मी मनाशी म्हटलं, बाई गं, आवाज ऐकू येतो म्हणजे अर्थ कळतो असं थोडंच आहे. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. दोघींनी तो गार चहा तसाच प्यायला.

५

पुढच्या आठवड्यात ताई आपणहून म्हणाली, "पुरे आता. जुळलाय." तिच्या तोंडून पुरे! गाभे हलू नयेत म्हणून तिनं मला प्रत्येक डबीच्या भोकात मेणबत्तीचा एकेक थेंब टाकायला लावला. मी टाकले. सगळं मार्गी लागलं असं वाटलं.

मग एक दिवस क्लास आटोपून आले तर सेट गरम. हात ठेवला तर चांगलाच.

"लावला होतास?"

"नाही बाई."

ताईला खोटं बोलता येत नाही. तिचे कान लाल होतात. मी विषय सोडला.

त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की ताई गप्प. "टकळे, लाव गं" नाही. मीच विचारलं तर, "आज नको, डोकं दुखतंय." उद्या, "कंटाळा आला." ताईला सेटचा कंटाळा आला म्हणजे माशाला पाण्याचा आला!

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण ती माझ्याशी गोड बोलायला लागली. भाजी चांगली झालीय म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. मी बडबडत असले की कोडं बाजूला ठेवून माझ्याकडे टक लावून बघायची, मध्ये तोडायची नाही. एकदा म्हणाली, "मला चहा करायला शिकव."

"तू? आता? गॅसची बटणं तरी ओळखतेस का?"

"म्हणूनच म्हणतेय."

शिकवलं. तिच्या थरथरत्या हातातून साखर सांडायची. मी पुसायची, ती पुन्हा सांडायची. मी म्हटलं, असू दे, हौस आहे. आणि हौस या शब्दापाशी मी अडकले. शेवटच्या दिवसांत माणसं अशीच करतात ना? रागवायचं सोडतात, राहून गेलेलं करून घेतात.

ताईनं माझ्या मागे सेट लावला होता. तिनं काहीतरी ऐकलं होतं. तिचं स्वतःचं.

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. ताई गेली तर माझं काय, हे मी कधी मनात येऊ दिलं नव्हतं. मी दिवसभर बोलते ते सगळं ताईशी बोलते. भाजीवाल्याशी भांडते तेसुद्धा ताईला येऊन सांगायचं म्हणून. ती नसेल तर मी बोलणार कोणाशी? भिंतीशी?

धूळ पुसायच्या निमित्तानं मी सेटचं झाकण उचललं. तिसऱ्या डबीवरचं मेण तडकलेलं. भोकाभोवती ॲल्युमिनियमवर ओरखडे, वेडेवाकडे, एकावर एक. थरथरत्या हाताचे. शेजारी माझ्या शिलाई मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर पडलेला, लोखंडी. ज्या बाईनं मला लोखंड जवळ आणू दिलं नाही, तिनं स्वतः लोखंड घातलं होतं. गाभ्याची खाच मी सोडली होती तिथून पाव फेरा पुढे होती.

६

ताई आंघोळीला गेली तेव्हा सकाळचं ऊन खाटेवर आलं होतं. नळ सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि मी बटण दाबलं. सवयीनं डावा हात पाठीमागे गेला, कारण झाकण अजून उघडंच होतं.

व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात. तेवढ्यात मी मनाची तयारी केली. काय ऐकू येईल? माझं रडणं. माणसांची ये-जा. मी ठरवलं, ऐकायचं. निदान किती वेळ आहे ते कळेल, तेवढ्यात तिला हवं ते करू. तिला समुद्र बघायचा होता.

खरखर. मग ती खोली. हातोडी नव्हती, सायकलवाल्याकडे सामसूम. मग कप बशीत ठेवल्याचा आवाज, खूप खडखडत. थरथरत्या हाताचा.

"हं," ताई म्हणाली. सेटमधली ताई.

ताई होती! मला काय वाटलं ते सांगायला लाज कसली? मला आनंद झाला. ओरडावंसं वाटलं. ताई आहे, चहा पितेय, आवाज जरा जास्त म्हातारा आहे पण आहे!

"टकळे," ती म्हणाली आणि थांबली.

मी माझ्या उत्तराची वाट पाहिली. ताईनं टकळे म्हटलं आणि मी काही बोलले नाही असं होत नाही. मशीनचा आवाज शोधला. कात्रीचा. माझ्या पायांचा. ती थांबली होती तेवढ्या वेळात त्या खोलीत काहीच वाजलं नाही.

"आज डायलच्या काट्याचा दोरा तुटला," ताई म्हणाली. "मला नाही गं बांधता आला." पुन्हा थांबली. "राहू दे. आवाज तर येतोय."

माझा उजवा हात सेटवर होता. तो काढावा असं मला वाटलं, पण निघेना.

"तू ऐकतेयस ना? आजच ती सकाळ. मी हिशेब लावलाय. मी न्हाणीघरात आहे तिकडे, नळ सोडून बसलेय. आंघोळ नाही करत. तुझ्यासमोर रडता येत नाही म्हणून जाते."

न्हाणीघरातून नळाचा आवाज येत होता. एकसारखा. तांब्याचा एकदाही नाही.

"घाबरू नकोस. तुला दुखलं नाही. मी जवळच होते, हात धरून. चहा जमतो मला आता. साखर जास्त पडते, पण इथं टोकायला कोण आहे?" ती हसली. ताई हसते तशीच, नाकातून. मग बराच वेळ थांबली. त्या थांबण्यात माझं एखादं वाक्य यायला हवं होतं, आणि ते आलं नाही.

"आता मी नळ बंद करतेय," ती म्हणाली.

नळ बंद झाला.

"आता दार उघडतेय. माझं बोलणं ऐकू आलंय मला."

कडी वाजली. मागे जमिनीवर अनवाणी पावलं आली आणि थांबली. मी वळले नाही. डायलच्या काचेत उंबऱ्यात कोणीतरी उभं होतं, खांद्यावर कोरडा टॉवेल टाकून.

"बघ वळून," सेटमधली ताई म्हणाली. "मला अजून एकदा तुझं तोंड बघायचंय."

७

ताईनंच येऊन सेट बंद केला. मग माझ्यासमोर खाटेवर बसली. डोळे सुजलेले, केस कोरडे.

"मी ऐकलं होतं तेव्हा नुसता एकच कप वाजला होता," ती म्हणाली. "तू क्लासहून येईपर्यंत ऐकत राहिले. एकच कप. बोलणं काही नाही. मला वाटलं, तू क्लासला गेली असशील. मग संध्याकाळ झाली तिकडे, तरी एकच."

"आणि मला वाटलं तू जाणार."

"मलाही तेच बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, तो व्हॉल्व्ह उपटून फेकून देऊ. हातोडी घालते त्याच्यावर. ताई म्हणाली, "आणि मग मी तुझ्याशी बोलू कुठून?"

मी सेटचं झाकण लावून टाकलं. 

थोड्या वेळानं ती म्हणाली, "सुरुवातीला काय बोलले मी? मी दारात आले तेव्हा अर्धं झालं होतं."

"कशाला हवंय?"

"अगं, मला ते बोलायचंय ना. मी नाही बोलले तर तू आज इथं एकटी बसून काय ऐकशील? नुसती खरखर?" तिचा आवाज चिरकला. "आणि माझं डोकं हल्ली राहत नाही. विसरले तर?"

म्हणून मी तिला सांगितलं. पहिल्यांदा "हं". मग "टकळे". मग दोऱ्याचं.

आता आम्ही रोज दुपारचा चहा झाला की तेच करतो. ताई खाटेवर बसून म्हणून दाखवते, मी चुका काढते. "आजच ती सकाळ" च्या आधी "तू ऐकतेयस ना" येतं, ते ती हटकून विसरते. "तुला दुखलं नाही" पाशी ती अडखळते. एकदा विचारलं तिनं, "हे खरं असेल ना गं?" मी म्हटलं, तूच तर सांगितलंस. पण ते वाक्य ती तेव्हा डोळ्यांनी बघून बोलणार आहे की माझ्याकडून पाठ झालंय म्हणून बोलणार आहे, हे आता आम्हा दोघींनाही कळायचा मार्ग उरलेला नाही. मी तिला ते तसंच म्हणायला लावते. न अडखळता.

सेटची काळजी घेते. धूळ झटकते, काच पुसते, व्हॉल्व्हला हात लावत नाही. ताई पुन्हा रागवायला लागली आहे, भाजीला नावं ठेवते. आम्ही समुद्रही बघून आलो. तिथं ताई म्हणाली, वारा फार आहे, मी म्हटलं, मग समुद्राला सांग बंद करायला. खूप हसलो.

तिचं आता बरंच बसलंय. राहिलंय ते माझं. ती "टकळे" म्हणते आणि थांबते, तेव्हा माझ्या तोंडून काहीतरी निघतंच. हं निघतं, काय गं निघतं. ताई मान हलवते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. "टकळे," म्हणते आणि माझ्याकडे बघत थांबते.

काल मला पहिल्यांदा गप्प बसता आलं. ताई पुढचं वाक्य बोललीच नाही. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बोल. बोल काहीतरी आधी."